मागे राहणारा कागद

छोट्या व्यावसायिकाला एखादी सेवा विकायला निघालेल्या माणसाने आधी त्या व्यावसायिकाच्या वेळेचा हिशोब करावा. औषधांचे दुकान घ्या, हार्डवेअरचे घ्या, नाहीतर औद्योगिक वसाहतीतले चार लेथचे वर्कशॉप घ्या. मालक एकाच वेळी गिऱ्हाईक, माल घेऊन आलेला टेम्पो, कामावरची पोरे आणि सतत वाजणारा फोन सांभाळत असतो. त्या गडबडीत संगणकाची देखभाल, जीएसटीची विवरणपत्रे, सीसीटीव्ही, वाळवीचा बंदोबस्त किंवा दुकानाची वेबसाइट असे काही घेऊन कुणी समोर उभे राहिले, तर त्याच्या वाट्याला दोन-चार मिनिटे येतात. शेवटी ठरलेले वाक्य येते : ‘कागद ठेवून जा, बघतो.’ विकणारे बहुतेक जण हा सौम्य नकार समजतात आणि कागद ठेवून पुढच्या दुकानाकडे वळतात. माझ्या मते इथेच मोठी चूक होते. छोट्या धंद्यात निर्णय कसा घेतला जातो, हे त्या वाक्यात प्रामाणिकपणे सांगितलेले असते. निर्णय काउंटरवर होत नाही. तो नंतर होतो, आणि तो होतो तेव्हा विकणारा तिथे नसतो, त्याचा कागद असतो.

तो कागद कोण वाचतो, हे पाहिले म्हणजे पुढचे बरेच काही आपोआप स्पष्ट होते. आपल्याकडची बहुतेक दुकाने आणि लहान कारखाने घराण्याचे असतात. परवाना वडिलांच्या नावावर, गल्ल्यावर मुलगा, हिशोबाच्या वह्या भावाकडे किंवा सुनेकडे, आणि कराचे काम बाहेरच्या सल्लागाराकडे. दुपारी ज्याने कागद घेतला त्याने निदान विकणाऱ्याचे बोलणे ऐकलेले असते. पण रात्री शटर अर्धे ओढल्यावर ज्याच्यापुढे तो कागद सरकवला जातो, त्याने काहीच ऐकलेले नसते. त्याच्यासमोर ना विकणाऱ्याचे हसरे बोलणे असते, ना लॅपटॉपवर दाखवलेला नमुना. मी त्याला दुसरा वाचक म्हणतो, आणि या सबंध पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात मांडायचे तर असे : सेवेची ओळख करून देणारे छापील साहित्य या दुसऱ्या वाचकासाठी तयार करावे. भाषा, दर, आकार, कागदाची जात, दाव्यांची मर्यादा हे सगळे प्रश्न त्याला समोर ठेवले की सुटू लागतात. त्याला विसरले की कितीही खर्च केला तरी ते साहित्य विकणाऱ्याच्या स्वतःच्या समाधानापुरते उरते.

छापील कागदाने धंदा वाढवण्याची मराठी मुलखातली परंपरा मोठी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभारली. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्याची समजूत होती. ती नुसत्या घोषणांनी जाणार नव्हती, कारण घरात आणि पारावर नांगराची चर्चा होताना कारखान्याचा माणूस तिथे बसलेला नसे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ते कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती दूरवर पोहोचवण्यासाठी. वाचकाला उपयोगी पडेल असा मजकूर देत देत त्याच पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ हे मराठीतले नामांकित मासिक झाले. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’चे उदाहरणही याच वाटेवरचे आहे. घरात रोज लागणारी माहिती ज्या कागदावर असते, तो कागद वर्षभर भिंतीवर टिकतो आणि त्याच्यासोबत त्यावरची जाहिरातही टिकते. म्हणजे कागद टिकतो तो वाचणाऱ्याच्या कामाचा असेल तर. विवरणपत्रे भरून देणाऱ्याच्या पत्रकावर दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची ११ तारीख, जीएसटीआर-३बी ची २० तारीख आणि आगाऊ कराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या तारखा छापल्या, तर तो कागद ड्रॉवरमध्ये न जाता गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटतो. मुदती बदलत असतात, म्हणून ‘अमुक महिन्यापर्यंतची माहिती’ हेही त्यावर छापणे आले.

आता दुसऱ्या वाचकाला काय हवे असते ते पाहू. त्याचे प्रश्न मोजके आणि व्यवहारी असतात. नेमके काय करून देणार? किती घेणार, आणि कधी? काम करायला येणार कोण? बिघडले तर जबाबदारी कुणाची? आणि पटले नाही तर बंद कसे करायचे? बाजारात फिरणाऱ्या पत्रकांपैकी बहुतेकांत यांतल्या एकाचेही उत्तर नसते. संगणक-देखभालीच्या पत्रकावर साधारणपणे असा मजकूर दिसतो : ‘सर्व प्रकारच्या आयटी सेवा एकाच छताखाली. तत्पर सेवा, वाजवी दर, अनुभवी कर्मचारी. एकदा संधी द्या.’ यातला एकही शब्द खोटा नसेल, पण एकाही शब्दावर निर्णय घेता येत नाही. त्याच सेवेचा दुसरा मजकूर पाहा : ‘दुकानातले बिलिंग बंद पडले आणि दुपारी ३ च्या आत फोन केलात, तर माणूस त्याच दिवशी येईल. बिलांच्या डेटाची प्रत दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क तुमच्याच ताब्यात देऊ. वर्षाचे शुल्क दोन संगणक व एका प्रिंटरसाठी. सुटे भाग बदलावे लागले तर त्यांची किंमत वेगळी, आणि ती आधी सांगून. सेवा थांबवायची असल्यास एक महिना आधी कळवा, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत.’ या मजकुरात स्तुतीचे एकही विशेषण नाही, तरीही गल्ल्यावरच्या मुलाला तो वडिलांना वाचून दाखवता येतो आणि त्यावर घरात वाद घालता येतो. घासाघीसही करता येते. कागदाने विकणाऱ्याच्या मागे काम केले, ते असे.

सर्वांत अवघड भाग दराचा, म्हणून तो सविस्तर घेतो. दर छापावा, आणि तो वाचणाऱ्याच्या खिशातून खरोखर जाईल तेवढा छापावा. ‘दरमहा १,००० रुपये, जीएसटी वेगळा’ असे लिहिणे विकणाऱ्याला सोयीचे वाटते. पण १८ टक्के दराने ही रक्कम १,१८० होते आणि ती कुणाला कितीला पडते, हे दुकानदाराच्या नोंदणीवर अवलंबून असते. नेहमीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या अशा सेवेवरच्या १८० रुपयांची वजावट सहसा मिळते. कंपोझिशन योजनेतल्या किंवा नोंदणीच नसलेल्या छोट्या दुकानदाराला ती मिळत नाही, त्याच्यासाठी सेवेची किंमत १,१८० हीच. म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत. उलट, सेवा देणाऱ्याची स्वतःचीच नोंदणी नसेल तर कर आकारता येत नाही, आणि तसे एका ओळीत लिहिले की हिशोब पाहणाऱ्याची शंका मिटते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची असल्याने, नव्याने धंद्यात उतरलेल्यांपैकी अनेक जण या गटात मोडतात.

दर छापण्याला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की छापलेला दर प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागतो आणि तो शंभर रुपये खाली येतो. खरे आहे, पण बाजारात दर लपून राहत नाहीत. शेजारच्या दुकानदाराला विचारले की ते कळतातच. लपवल्याने प्रतिस्पर्धी अंधारात राहत नाही, दुसरा वाचक मात्र राहतो, आणि ज्याला आकडा कळत नाही तो सहसा जास्तीचाच धरून चालतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : प्रत्येकाचे काम वेगळे, मग एकच दर कसा छापणार? त्यावर उपाय म्हणजे नमुन्याचे काम घेऊन त्याचा दर सांगणे. ‘एवढ्या बिलांचे, एका शाखेचे दुकान असेल तर इतके, शाखा वाढली तर इतके जास्त’ एवढे लिहिले तरी वाचणारा स्वतःला त्यात बसवून पाहतो. हेही जमत नसेल तर पहिल्या भेटीचे आणि पाहणीचे शुल्क काय, किंवा ती मोफत आहे का, एवढे तरी ठामपणे लिहावे. आकड्याऐवजी ‘वाजवी’ असे लिहिलेला कागद वाचणाऱ्याला कोणताच निर्णय घेऊ देत नाही.

भाषेचा विचारही याच दिशेने करावा लागतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत काउंटरमागे मराठी, गुजराती, मारवाडी, कच्छी, तुळू बोलणारे लोक बसतात. मुलाशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलणे झाले तरी घरातले वडीलधारे कागद आपल्या भाषेत वाचतात. शक्य तिथे एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला त्या बाजारपेठेतली दुसरी भाषा घ्यावी. दोन्हींतले आकडे आणि अटी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मराठी मजकूर मराठीतच विचार करून लिहावा. इंग्रजी पत्रकाचा शब्दशः उतारा लगेच ओळखू येतो आणि परका वाटतो. छपाईच्या बाजूने देवनागरीच्या स्वतःच्या मागण्या आहेत. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, रुकार असल्याने रोमन लिपीपेक्षा दोन ओळींमध्ये अधिक जागा सोडावी लागते. इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. डीटीपीच्या अनेक दुकानांत अजूनही युनिकोडपूर्व फाँटवर काम चालते. असा मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये नेला की जोडाक्षरे फुटतात, म्हणून अखेरची फाइल अक्षरांचे कर्व्ह करूनच छापखान्यात द्यावी. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत छापावा. चार रंगांच्या मिश्रणातून काढलेले काळे अक्षर छपाईत केसभर सरकले, तरी अनुस्वाराच्या टिंबाभोवती रंगीत कड दिसते आणि वाचणाऱ्याचे डोळे थकतात. साठीतल्या माणसाला दिव्याखाली चष्म्याने वाचता येईल एवढे अक्षर मोठे हवे. मजकूर मावत नसेल तर मजकूर कमी करावा, टाइप लहान करू नये.

कागदाची निवड म्हणजे ऐश्वर्याचे प्रदर्शन, असा समज आहे आणि तो महागात पडतो. १७० जीएसएमच्या आर्ट पेपरवर चकचकीत लॅमिनेशन केलेले पत्रक हातात भारी वाटते, पण त्यावर बॉलपेन चालत नाही आणि शिक्क्याची शाई पुसली जाते. छोट्या दुकानात तर कागदावर लिहिले जातेच : ठरलेला दर, येण्याची तारीख, माणसाचे नाव. म्हणून लिहिण्यासाठी एक कोरी चौकट ठेवावी आणि निदान ती बाजू तरी बिनचकाकीची असावी. एका सेवेला ए-फोर आकाराचा, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा, एक कागद पुरतो. तो तीन घड्यांचा करायचा असेल तर २९७ चे तीन समान भाग करू नयेत. आत जाणारा भाग ९७ आणि उरलेले दोन १०० ठेवले, तर घडी न फुगता बसते आणि कागद नेहमीच्या लांबट पाकिटात जातो. जाड कागदाला घडीआधी क्रीज मारावी, नाहीतर शाई तडकून पांढरी रेघ उठते. कडेपर्यंत रंग असेल तर चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोडावा. क्यूआर कोड पांढऱ्यावर काळा ठेवावा आणि त्याच्या चारी बाजूंना मोकळी जागा राखावी; त्यावर लोगो चढवण्याचा मोह टाळलेला बरा. प्रूफवरचा फोन नंबर नुसता वाचू नये, तो प्रत्यक्ष लावून पाहावा. क्यूआर कोडही दुसऱ्या कुणाच्या फोनने उघडून पाहावा.

दाव्यांची बाजू नैतिक आहे तशी कायदेशीरही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली जाहिरातीची व्याख्या छापील प्रसिद्धी, परिपत्रक, वेष्टन, एवढेच काय, बिलालाही आपल्या कक्षेत घेते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर केंद्रीय प्राधिकरण दंड करू शकते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार चुकीच्या निवेदनावर मिळवलेली संमती ज्याची दिशाभूल झाली त्याला रद्द करता येते. त्यामुळे ‘१०० टक्के हमी’, ‘क्रमांक एक’, ‘सरकारमान्य’ असे शब्द छापताना हात थांबला पाहिजे. नोंदणी क्रमांक असणे म्हणजे सरकारने कामाची पसंती देणे नव्हे. करविषयक सेवांच्या पत्रकांवर अशोकस्तंभाची मुद्रा वापरण्याचा प्रकार तर २००५ च्या राजमुद्रेविषयीच्या कायद्याने सरळ निषिद्ध आहे. काही व्यवसायांना या पुस्तकातला सल्ला लागूच होत नाही, हेही इथेच स्पष्ट सांगायला हवे. सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्याने आणि वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी पत्रके वाटून काम मागण्याची मनाई आहे. बाकीच्यांनी या बंधनातून एवढे घ्यावे की विश्वासावर चालणाऱ्या व्यवसायात आत्मस्तुतीची किंमत शेवटी त्या व्यवसायालाच मोजावी लागते. दुसरा वाचक बाजारात मुरलेला असतो. एक अतिशयोक्ती दिसली की तो बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप काळाचा आहे. प्रत्येकाच्या हातात फोन असताना छापायचे कशाला? व्हॉट्सॲपवर पाठवले की काम झाले. या म्हणण्यातला बराचसा भाग मला मान्य आहे. पत्रकाची पीडीएफ पाठवावीच, कारण ती दुसऱ्या वाचकाकडे एका स्पर्शात पुढे जाते, आणि जिथे सगळे व्यवहार फोनवरच होतात तिथे कागद थोडाच छापावा. पण दुकानदाराच्या फोनमध्ये दिवसभरात मालाच्या चौकशा, उधारीची आठवण, कंपन्यांच्या योजना आणि शुभेच्छांची चित्रे येत राहतात. सकाळचा निरोप संध्याकाळी शोधून काढणे हेच एक काम होऊन बसते. कागद टेबलावर दिसत राहतो, त्यावर दोघे मिळून बोट ठेवू शकतात, आणि ठरलेले त्यावर लिहून ठेवता येते. शिवाय पीडीएफमध्येही मजकूर तोच असतो. जो मजकूर कागदावर उत्तर देत नाही तो पडद्यावरही देत नाही. वाया जाणाऱ्या कागदाचा आक्षेपही याला जोडूनच येतो, आणि तो तर पूर्णच मान्य करायला हवा. वर्तमानपत्रात घालून हजारो घरांत टाकलेली पत्रके बहुतांशी न वाचताच रद्दीत जातात. ऑफसेट छपाईत प्लेटचा आणि यंत्र लावण्याचा खर्च एकदाच येत असल्याने हजाराऐवजी पाच हजार प्रती स्वस्त वाटतात, आणि त्या मोहात चुकीचा मजकूर पाच हजार वेळा छापला जातो. आधी डिजिटल यंत्रावर पन्नास-शंभर प्रती काढाव्यात. प्रत महाग पडते, पण दुकानांतून कोणते प्रश्न परत येतात ते कळते. त्यांची उत्तरे मजकुरात घातल्यावरच ऑफसेटकडे वळावे.

या पुस्तकातली प्रकरणे म्हणूनच नेहमीच्या क्रमाने लावलेली नाहीत. लोगो, रंग आणि मांडणी शेवटी येतात. आधी येते ती सेवेची लेखी व्याख्या, मग दर, मग अटी, मग भाषा, आणि त्यानंतर छापखाना. चांगल्या मांडणीचे महत्त्व कमी करण्याचा यात हेतू नाही. नीट मांडलेला कागद वाचणाऱ्याचा मान राखतो. पण काय सांगायचे हे ठरलेले नसेल तर उत्तम चित्रकारही केवळ ती पोकळी सजवून देतो. दुसऱ्या वाचकासाठी लिहायला बसलेल्या व्यावसायिकाला लवकरच कळून येते की पत्रक अडते आहे ते शब्दांपाशी नव्हे, निर्णयांपाशी. माणूस त्याच दिवशी येईल, असे लिहायचे तर सुटीच्या दिवशी कोण जाणार हे ठरवावे लागते. पैसे परत करू, असे लिहायचे तर तेवढे पैसे बाजूला ठेवावे लागतात. एका संगणकाचा दर लिहायचा तर एका भेटीला स्वतःला किती खर्च येतो ते आधी मोजावे लागते. छपाईच्या निमित्ताने हा हिशोब होतो, आणि माझ्या मते या सबंध खटाटोपाचा सर्वांत मोठा लाभ तोच आहे. जी सेवा एका कागदावर स्पष्ट लिहिता येत नाही, ती अजून विकण्याइतकी तयार झालेली नाही. वाचकांनी या पुस्तकाचा उपयोग याच क्रमाने करावा. आधी पेन्सिलीने एका पानावर दुसऱ्या वाचकाच्या त्या पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत, आपल्या धंद्याशी संबंध नसलेल्या घरातल्या कुणाला तरी ती वाचायला द्यावीत, आणि त्या व्यक्तीला काहीही तोंडी समजावून न सांगता ती कळली, तरच छापखान्याची पायरी चढावी.